नाशिकची नाकवाली

जुलै महिन्यात माझ्या नणंदेची लेक आमच्याकडे राहायला आली होती. नणंद लग्नानंतर कॅनडात गेली ती तिकडचीच झाली, टोरांटोजवळ राहते. लेकीचा जन्म तिकडचाच, आता तेरा वर्षांची आहे. मराठी बोलते, पण 'मामी, मला भूक लागला' अशा थाटात! त्यांच्या शाळांना तेव्हा मोठी सुट्टी आणि आपल्याकडे नेमका धो धो पाऊस. गंगेला पूर आलेला. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढलं ते बघायला अख्खं नाशिक घाटावर लोटलं होतं. आमची पाहुणी मात्र पहिल्या दिवशी भिजून सर्दी झाल्यामुळे घरातच. मग तिनं बॅगेतून तिची कॉमिक्स काढली आणि पलंगभर पसरली.

त्यातल्या एका पुस्तकावर लाल-पांढऱ्या घट्ट कपड्यातला एक दणकट गडी होता. कपाळावर मेपलचं पान. "हा कोण गं?" मी विचारलं. "कॅप्टन कनक. आमचा सुपरहिरो. मी शाळेत याच्यावर प्रोजेक्ट केलंय." आणि लगेच उलटा प्रश्न, "मामी, इंडियाचा कॅप्टन कोण?"

झालं! घरातल्या प्रत्येकाचं उत्तर वेगळं. माझी नववीतली लेक म्हणाली शक्तिमान, शेजारचा छोटू म्हणाला छोटा भीम. आमच्या 'ह्यां'नी पेपरातून डोकं वर काढून ठणकावून सांगितलं, "वेताळ! आमच्या लहानपणी वेताळच." आणि माळ्यावरच्या ट्रंकेतून दोन-तीन जीर्ण 'इंद्रजाल कॉमिक्स' काढूनही आणली. भाचीनं ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "पण मामा, हा तर गोरा आहे. आणि जंगलातले सगळे काळे लोक त्याला घाबरतात. हा इंडियाचा कसा?"

मामा निरुत्तर. मीसुद्धा.

मैत्रिणींनो, खरं सांगते, कॉमिक्स म्हणजे पोरांना गप्प बसवायचं साधन, यापलीकडे मी कधी विचार केला नव्हता. पण पोरीचा प्रश्न डोक्यातून जाईना. आपला हिरो कोण आणि तो दिसतो कसा? त्या आठवड्यात तिच्याकडून आणि इकडून तिकडून जे वाचलं, ते आधी सांगते. कारण त्यातूनच पुढे माझी मलाच एक चूक सापडली.

कॅनडाची गोष्ट मोठी गमतीची आहे. शेजारी अमेरिका, त्यामुळे तिथल्या पोरांच्या हातात सगळी अमेरिकन कॉमिक्स. गंमत म्हणजे ज्या दोघा मित्रांनी सुपरमॅन जन्माला घातला, त्यातला चित्रकार जो शुस्टर मूळचा टोरांटोचा. पण सुपरमॅन झाला अमेरिकेचा. मग दुसरं महायुद्ध आलं. परदेशी चलन वाचवायचं म्हणून कॅनडा सरकारनं डिसेंबर १९४० मध्ये बऱ्याच वस्तूंची आयात बंद केली. त्यात कॉमिक्सही अडकली. पोरांची पंचाईत झाली, पण तिथल्या चित्रकारांना मोकळं रान मिळालं. आतली पानं काळी-पांढरी अशी स्वस्तातली कॉमिक्स त्यांनी काढली आणि पहिल्यांदा कॅनडाचे स्वतःचे हिरो तयार झाले.

त्यातली फार लवकर आलेली एक, बरं का, बाई होती! नाव नेल्वाना. ऑगस्ट १९४१ मध्ये ती आली, म्हणजे सगळ्या जगाला माहीत असलेल्या वंडर वुमनच्याही काही महिने आधी. उत्तरेकडे बर्फात राहणारे जे मूळचे इन्युइट लोक, त्यांच्या दंतकथेवरून एड्रियन डिंगल या चित्रकारानं ती रचली. उत्तरेच्या आकाशात रात्री रंगीत प्रकाश नाचतो ना, त्याच्या राजाची ही मुलगी. युद्ध संपलं, अमेरिकन कॉमिक्स पुन्हा आली आणि ही सगळी मंडळी हळूहळू विस्मरणात गेली. कपाळावर पान लावलेला कॅप्टन कनक आला तो पुढे १९७५ साली, रिचर्ड कॉमली यांनी काढलेला. १९७९ मध्ये अमेरिकेच्या मार्व्हल कंपनीनंच कॅनडाच्या हिरोंची एक टोळी काढली, 'अल्फा फ्लाइट' नावाची. त्यात फ्रेंच बोलणारी जुळी भावंडं, मूळ रहिवाशांमधला एक वैद्य, असे देशाच्या वेगवेगळ्या भागांतले लोक. आणि १९९५ मध्ये तर कॅनडाच्या टपाल खात्यानं आपल्या सुपरहिरोंची तिकिटं काढली, त्यात नेल्वानाही होती.

मी म्हटलं, "बघ, तुमच्या देशानं मुलीला केवढा मान दिला!" तर भाची म्हणाली, "हो मामी, पण आमची टीचर म्हणाली, नीट बघा. गोष्ट इन्युइट लोकांची आणि चेहरा गोऱ्या बाईचा. एवढ्या बर्फात आखूड स्कर्ट!" आणि खरंच की. तिनं चित्र दाखवलं. गोष्ट त्यांची घेतली, पण चेहरा नाही घेतला.

मग आपल्याकडे वळले. 'इंद्रजाल' टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ मध्ये सुरू केलं, ते १९९० पर्यंत चाललं. मराठीतही यायचं. त्यातला वेताळ म्हणजे ली फॉक या अमेरिकन लेखकाचा १९३६ सालचा फँटम. त्याचं जंगल मूळ गोष्टीत बंगालच्या नावाशी मिळतंजुळतं होतं. इथल्या वाचकांना खटकेल म्हणून छापताना त्याचं 'डेंकाली' केलं. म्हणजे गावाचं नाव बदललं, हिरो मात्र तोच! आपला म्हणावा असा हिरो तिथे आला १९७६ मध्ये. आबीद सुरती यांचा बहादूर. कुर्ता आणि जीन्स घालणारा, चंबळच्या डाकूंशी झुंजणारा, गावकऱ्यांचं संरक्षण दल उभं करणारा. त्याच्याबरोबर बेला नावाची मुलगी असायची आणि ती नुसती किंचाळणारी नव्हती, दोन हात करणारी होती. 'ह्यां'ना बहादूर पाठ, पण बेला आठवायला दोन मिनिटं लागली, हे जाता जाता नमूद करते!

त्याआधी १९६७ मध्ये अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली होती. त्यामागची हकिगत प्रसिद्ध आहे. दिल्लीत दूरदर्शनवर शाळकरी मुलांची प्रश्नमंजुषा चालू होती. मुलांना ग्रीक देवांचा डोंगर माहीत होता, पण रामाच्या आईचं नाव सांगता येईना. पै यांना ते लागलं. 'कृष्ण' हा त्यांचा गाजलेला पहिला अंक, चित्रं आपल्या राम वाईरकरांची. माझ्या लहानपणी शाळेच्या ग्रंथालयात हे अंक शिवून जाड पुठ्ठ्यात बांधलेले असायचे आणि त्यासाठी मुलींची भांडणं व्हायची. शिवाजी महाराज, झाशीची राणी, अहिल्यादेवी मला आधी भेटल्या त्या या चित्रांतून. बाबासाहेब आंबेडकरांवरचा अंकही १९७९ मध्ये निघाला होता. या माणसाचे आपल्यावर फार उपकार आहेत, ते विसरून चालणार नाही.

पण भाचीच्या टीचरसारखं 'नीट बघायचं' ठरवून मी आमच्या वाचनालयातले जुने अंक पुन्हा काढले आणि चाळता चाळता हात थांबला. राण्या, राजकन्या, सीता, सावित्री... सगळ्या गोऱ्या, लांब नाकाच्या, मोठ्या डोळ्यांच्या. राम-कृष्ण निळे. आणि पुष्कळदा काळाकुट्ट, जाड ओठांचा, दात बाहेर आलेला कोण? तर राक्षस.

इथे मला मे महिना आठवला, आणि बसल्या जागी घाम फुटला.

आम्ही चार मैत्रिणी पंचवटीच्या मागच्या बाजूला एका वस्तीत शनिवार-रविवार बालवाचनालय चालवतो. मे महिन्यात मुलांसाठी शिबिर घेतलं, शेवटच्या दिवशी छोटं नाटक बसवायचं ठरलं. विषय अगदी घरचा, पंचवटीतला प्रसंग. आपल्या गावाचं नावच मुळी या गोष्टीवरून पडलं असं सांगतात. तपोवनात लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं, नाक म्हणजे नासिका, म्हणून नाशिक. सीतेसाठी पाच हात वर झाले. शूर्पणखेसाठी एकही नाही. पोरं चित्रकथेचा अंक उघडून बसली होती. त्यातल्या चित्राकडे आणि कोपऱ्यातल्या एका मुलीकडे बघून दोघं-तिघं फिदीफिदी हसली, "ताई, हिला करा ना!" ती आठवीतली मुलगी, रंगानं चांगलीच काळी, आवाज खणखणीत, पाठांतर तर सगळ्यांत चांगलं. मी काय म्हणावं? मी हसत हसत म्हटलं, "बरंच झालं, हिला रंगवायलाही नको."

नाटक छान झालं. टाळ्या पडल्या. तिनं तर शूर्पणखा अशी केली की बाया बघत राहिल्या. त्यानंतर ती वाचनालयात आली नाही. मी समजले, गावाला गेली असेल.

त्या जुलैच्या संध्याकाळी मी छत्री घेऊन तिच्या घरी गेले. तिची आई द्राक्षबागेत मजुरीला जाते, नुकतीच येऊन चूल पेटवत होती. मला बघून तिनं चहा टाकला. आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "ताई, रागावू नका. पन त्या नाटकापासून पोरगी रोज तोंडाला बेसन-हळद थापून बसती. घरात बेसन ठिवत नाय आता मी." आतून ती मुलगी आली. माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाली, "माझं तोंड रंगवायला लागणार नव्हतं म्हणूनच मला घेतलं ना, ताई?"

मी इतकी वर्षं समाजकार्य करते म्हणून मिरवते. मुलीच्या शिक्षणावर, समानतेवर भाषणं देते. त्या क्षणी माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. पोटच्या पोरीएवढ्या मुलीची माफी मागायची आपल्याला सवय नसते, शब्द घशात अडकतात. तरी म्हटलं, "हो, माझं चुकलं. तुला पाठांतर उत्तम होतं म्हणून घ्यायला हवं होतं, आणि तसंच सांगायला हवं होतं."

परत येताना काळाराम मंदिरावरून आले. दारात थांबले. लहानपणापासून शेकडो वेळा हात जोडलेत, पण तेव्हा जणू पहिल्यांदा नाव ऐकलं, काळाराम! आपल्या गावचा राम काळ्या पाषाणाचा. त्याला कुणी निळा रंगवला नाही. द्रौपदीचं तर एक नावच कृष्णा, म्हणजे सावळी. मग हे काळं म्हणजे राक्षस, हे आपण कुठून शिकलो? देवांकडून तर नाही. आणखी एक आठवण याच दाराशी जोडलेली आहे. २ मार्च १९३० पासून याच मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं चालवला, त्यात बायाही होत्या. दाराबाहेर ठेवलेल्या त्या बायांची चित्रकथा मी तरी अजून पाहिलेली नाही. आपण चित्रात कुणाला घेतो आणि कुणाला बाहेर ठेवतो, हा प्रश्न काही निव्वळ पोराटोरांचा नाही.

घरी आल्यावर भाचीला सगळं सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "मामी, माझ्या शाळेत पण प्ले असतो. मी नेहमी हिरोईनची फ्रेंड असते." बाकी काही नाही बोलली. कॅनडातली माझी गोरी-गोमटी भाची तिकडे 'काळी' असते, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

अर्थात सगळा अंधारच आहे असं नाही हं. या दहा-वीस वर्षांत चित्रकथांतली माणसं बदलतायत. २००४ मध्ये भारतासाठी म्हणून धोतर नेसलेला स्पायडरमॅन निघाला होता, मुंबईत राहणारा पवित्र प्रभाकर. २०२३ च्या सिनेमात तो पुन्हा दिसला आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. 'टिंकल' मासिकात २०१५-१६ च्या सुमारास विंगस्टार आली. मापुई कावलिम नावाची तेरा वर्षांची मुलगी, मिझोरमची राजधानी ऐझॉल इथली. ईशान्येकडच्या मुलींना आपण शहरांत काय काय नावं ठेवतो ते आठवा, मग या गोष्टीचं मोल कळेल. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर राम देवीनेनी यांनी २०१४ मध्ये 'प्रियाज शक्ती' काढलं. अत्याचार झालेली खेड्यातली मुलगी तोंड लपवत नाही, वाघावर बसून परत येते. तिची चित्रं धारावीच्या भिंतींवरही रंगवली गेली.

आणि २०११ मध्ये आलेलं 'भीमायन'. बाबासाहेबांचं हे चरित्र दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकार दांपत्यानं रंगवलंय. दुर्गाबाईंना पुढे २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. पुस्तक इंग्रजीत आहे, पण चित्रं वाचायला इंग्रजी लागत नाही. कॉमिक्समध्ये माणसाच्या तोंडापाशी बोलण्याचा फुगा असतो ना, तो यांनी दोन प्रकारचा केलाय. साध्या-सोज्वळ बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि जातीवरून टोचून बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी! मला आठवलं, 'हिला रंगवायलाही नको'. माझ्या त्या वाक्याला व्यामबाईंनी नांगीच काढली असती.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी वाचनालयात चित्रकथेचा तास घेतला. भाची जाण्याआधीचा तो शेवटचा रविवार, तीच शिकवायला बसली. एका कागदावर चार चौकटी आखायच्या आणि आपल्या नाशिकचा सुपरहिरो काढायचा. नियम एकच, तो आधी कुणी काढलेला नसावा. ती मुलगीही आली होती, तिची आई सोडून गेली. दाराशीच बसली.

चित्रं काढून झाली आणि रंगवायची वेळ आली तसा एकच गलका. "ताई, स्किन कलर कुणाकडे आहे?" तुमच्या घरातला खडूंचा डबा आठवा. फिका गुलाबीसर असा एक खडू असतो, पोरं त्याला 'स्किन कलर' म्हणतात. प्रत्येक डब्यात तोच झिजून नखाएवढा झालेला होता. तपकिरी खडू मात्र सगळ्यांचे कोरे करकरीत. भाचीनं आपल्या मोडक्या मराठीत विचारलं, "स्किन कलर म्हणजे? कुणाच्या स्किनचा?"

वर्गात शांतता. मग एका मुलानं आपला हात त्या खडूशेजारी धरला. दुसऱ्यानं धरला. हसायला लागली पोरं. एकाचाही जुळेना! माझाही नाही.

दाराशी बसलेल्या मुलीनं शेवटी कागद दिला. चार चौकटींतली तिची हिरॉईन आमच्याच वस्तीतली, दोन वेण्या, शाळेचा गणवेश, पायात रबरी चपला. रंग तपकिरी खडूचा, चांगला दाबून दिलेला. नाव 'नाकवाली'. नाशिकची म्हणून तिची सगळी ताकद नाकात! गंगेत कुठल्या नाल्यातून घाण पाणी येतंय ते तिला वासावरून कळतं. कुठे गॅस गळतोय ते कळतं. दारू पिऊन कोण घराकडे निघालाय ते तर तो गल्लीच्या तोंडाशी असतानाच कळतं, आणि ती धाकट्या भावंडांना घेऊन शेजारी जाऊन बसते. शेवटच्या चौकटीत एक मोठा माणूस सुरी घेऊन तिचं नाक कापायला येतो. ती म्हणते, "कापून बघ. पुन्हा येतं."

मी काही न बोलता तो कागद भिंतीवर लावला. दुपारी मुलं गेल्यावर बघितलं, तर खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'पुढचा भाग कधी?'

मैत्रिणींनो, फार मोठं काही करायला सांगत नाही. घरातली चित्रांची पुस्तकं एकदा मुलांशेजारी बसून चाळा. यात आपल्यासारखं दिसणारं कोण आहे, ते काय काम करतंय, आणि वाईट माणसाला कोणता रंग दिलाय, एवढं त्यांना विचारा. पुस्तकं फाडायची-जाळायची नाहीत, गोष्टी आपल्याच आहेत. फक्त शेजारी एक कोरा कागद आणि तपकिरी खडू ठेवा. आणि शाळेच्या गॅदरिंगला मुलीला राक्षसीण दिली तर घाबरू नका, पण ती का दिली, ते मात्र बाईंना नक्की विचारा. माझ्यासारख्या बाईंना कुणीतरी विचारायलाच हवं.

भाची परत गेली. परवा तिचा फोन आला. तिला त्या चार चौकटींचा फोटो हवाय, टीचरला दाखवायला. मी त्या मुलीला विचारलं, "पाठवू का गं?" ती जरा विचार करून म्हणाली, "थांबा ताई, दुसरा भाग होऊ दे. दोन्ही एकदम पाठवू."